रेंजफाइंडरचा पासंग

जुना रेंजफाइंडर कॅमेरा विकत घेताना बहुतेक जण एकच परीक्षा घेतात. खिडकीला डोळा लावायचा, मधल्या फिकट ठिपक्यातली दुहेरी प्रतिमा लेन्स फिरवून एकावर एक आणायची, आणि ती आली की कॅमेरा चांगला असल्याचा निर्वाळा द्यायचा. ही परीक्षा अपुरी आहे. दोन प्रतिमा जुळल्या यावरून एवढेच कळते की आतली यंत्रणा अडकलेली नाही. फिल्मवर चित्र रेखीव उमटेल की नाही हे त्यावरून मुळीच कळत नाही. एसएलआर कॅमेऱ्यात डोळ्याला दिसणारा प्रकाश लेन्समधूनच आलेला असतो, त्यामुळे फोकस चुकला तर तो तिथेच दिसतो. रेंजफाइंडरमध्ये डोळा लेन्समधून कधीच पाहत नाही. लेन्स, फिल्म आणि अंतरमापक ही तीन वेगळी अंगे आहेत आणि तिघांचे एकमत आहे असे आपण गृहीत धरून चालतो. चाळीस-पन्नास वर्षे कपाटात पडलेल्या, कधीतरी खाली पडलेल्या, कुणीतरी अर्धवट उघडून पाहिलेल्या कॅमेऱ्यात हे गृहीतक टिकेलच असे नाही. ते पुन्हा खरे करणे घरी शक्य आहे का? माझ्या मते आहे. मात्र हे काम मोजणीचे आहे. कशाची तुलना कशाशी करायची, हे ठरवूनच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायला हवा.

यंत्रणेचे तत्त्व भूमापनातल्या त्रिकोणाचे आहे. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला एकमेकींपासून ठरावीक अंतरावर दोन खिडक्या असतात. मोठ्या खिडकीतून दिसणारे दृश्य अर्धपारदर्शक आरशातून सरळ डोळ्यापर्यंत येते. छोट्या खिडकीतले दृश्य दुसऱ्या, हलत्या आरशावरून किंवा प्रिझमवरून वळून त्याच अर्धपारदर्शक आरशावर पडते. वस्तू जितकी जवळ, तितका दोन दृष्टिरेषांमधला कोन मोठा. लेन्स पुढे-मागे सरकली की तिच्या मागच्या कडेला टेकलेली एक दांडी सरकते आणि आरसा फिरवते; कोन बरोबर झाला की प्रतिमा एकावर एक बसतात. ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीने नौदलाच्या तोफांसाठी याच तत्त्वावर लांबलचक अंतरमापक बनवले होते. कॅमेऱ्यात लेन्सला जोडलेला अंतरमापक कोडॅकने १९१६ मध्ये आणला, आणि १९३२ मध्ये लायका-२ व कॉन्टॅक्स-१ या दोन जर्मन कॅमेऱ्यांनी तो पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या छोट्या देहात बसवला. लायका-२ ची नक्कल खारकीव्हला 'फेड' नावाने निघाली, आणि तिच्यातून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्याची 'झोर्की' मालिका जन्मली. त्यातला झोर्की-४ हा १९५६ ते १९७३ या काळात सुमारे १७ लाख संख्येने बनला. तो आजही तुलनेने स्वस्त मिळतो आणि त्याची जुळणी बाहेरून करता येते, म्हणून पुढचे विवेचन त्यालाच धरून केले आहे.

या यंत्रणेला किती अचूकता लागते, हे आकड्यांत पाहिले की बाकीच्या गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. झोर्की-४ मध्ये दोन खिडक्यांतले अंतर ३८ मिमी आहे आणि खिडकीतून दृश्य जवळपास नैसर्गिक आकारात दिसते. ५० मिमी लेन्स अनंतावरून १ मीटरवर आणताना सुमारे २.६ मिमी पुढे येते, आणि तेवढ्यात दृष्टिरेषा २.२ अंशांनी वळावी लागते. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. या हिशेबाने एक कला म्हणजे लेन्सची अवघी ०.०२ मिमी हालचाल. सर्वसाधारण डोळा साधारण एक कलेचा फरक ओळखतो, असे धरले तर झोर्कीचा अंतरमापक १ मीटरवर सुमारे ८ मिमी आणि ३ मीटरवर सुमारे ७ सेंमी चुकू शकतो. एफ/२ ची ज्युपिटर-८ लेन्स पूर्ण उघडी ठेवली, आणि फिल्मवर ०.०३ मिमीपर्यंतचा धूसरपणा चालेल असे मानले, तर रेखीवपणाचा पट्टा १ मीटरवर पुढे-मागे २३ मिमी आणि ३ मीटरवर २१ सेंमी असतो. म्हणजे दोन्ही ठिकाणी यंत्राला जवळपास तिप्पट सवलत आहे. हे प्रमाण सारखेच येणे योगायोग नाही: अंतरमापकाची चूक आणि रेखीवपणाचा पट्टा, दोन्ही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मूळ जुळणीच तीन कलांनी हुकलेली असेल, तर ती सगळी सवलत प्रत्येक अंतरावर एकदमच संपते. तीन कला म्हणजे लेन्सच्या बाजूने पाहता ०.०६ मिमी, साध्या कागदाच्या जाडीहूनही कमी. ८५ मिमीची ज्युपिटर-९ लावली तर एवढीही मोकळीक उरत नाही. तिथे डोळ्याची एक कलाच जवळपास सगळा पट्टा खाऊन टाकते. लायका एम-३ मध्ये १९५४ साली खिडक्यांतले अंतर ६८.५ मिमी ठेवले गेले, त्याचा उपयोग नेमका अशा लांब लेन्सना होतो.

एवढी सूक्ष्म जुळणी घरी कशाच्या आधाराने करायची? इथे हे काम सोपे करणारी एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. लेन्स अनंताच्या खुणेवर असताना दोन्ही दृष्टिरेषा समांतर असायला हव्यात, आणि समांतर किरण पाठवणारी वस्तू जगात फुकट मिळते. दुरुस्तीच्या दुकानात कॉलिमेटर नावाचे उपकरण असते. टेबलावर बसल्या बसल्या अनंत अंतरावरच्या वस्तूचा आभास निर्माण करणे हेच त्याचे काम. ज्याच्या खिडकीतून क्षितिज दिसते, त्याला त्याचे अडत नाही. पण 'दूर' म्हणजे किती दूर, याचा हिशेब करावाच लागतो. समोरच्या इमारतीची भिंत २० मीटरवर असेल, तर तिथे दोन दृष्टिरेषांत साडेसहा कलांचा कोन असतो. तिला अनंत मानून प्रतिमा जुळवल्या, तर सवलतीच्या दुपटीने चूक आपण स्वतःच आत घालतो. १०० मीटरवरच्या खांबावर ती सव्वा कलेच्या आसपास उरते, म्हणजे सवलतीचा चाळीस टक्के भाग जातो. एक किलोमीटरवरच्या मनोऱ्यावर ती कलेच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी, डोळ्याला न कळणारी होते. याहून उत्तम खूण म्हणजे चंद्र. तो खऱ्या अर्थाने अनंतावर आहे, शिवाय स्वतःबरोबर मोजपट्टी घेऊन येतो. चंद्रबिंबाचा व्यास जवळपास अर्धा अंश, म्हणजे तीस कला. दुसरे बिंब पहिल्यापासून व्यासाच्या एक दशांशाने सरकलेले दिसले, तर एफ/२ ची सगळी सवलत संपली आहे असे समजावे. संध्याकाळी आकाशात उजेड असतानाच उगवलेला चंद्र घेतला तर डोळे दिपत नाहीत आणि कडा स्वच्छ दिसतात. दिवसा लांबचा टेलिफोन टॉवर चालतो, पण सकाळी लवकर. दुपारच्या उन्हात हवा थरथरते. सूर्याकडे मात्र कॅमेरा कधीही रोखू नये. डोळ्याला धोका आहेच, शिवाय लेन्समधून एकवटलेले ऊन झोर्कीच्या कापडी शटरला भोक पाडू शकते.

आता क्रमाचा प्रश्न. बहुतेक घरगुती प्रयत्न इथे फसतात, कारण लोक थेट अंतरमापकाला हात घालतात. आधी तपासायची ती लेन्स. अंतरमापक ज्या लेन्सच्या हालचालीवरून अंतर सांगतो, ती लेन्सच फिल्मच्या पातळीवर अनंत रेखीव उमटवत नसेल, तर अंतरमापक कशाशी जुळवणार? झोर्की-४ ची पाठ तळासकट पूर्ण निघते, त्यामुळे ही तपासणी सोपी होते. शटर आधी ओढून घ्यावे आणि मगच वेगाची चकती 'बी'वर न्यावी. शटर न ओढता वेग बदलल्यास या कॅमेऱ्याच्या यंत्रणेला इजा होऊ शकते. कुलूप असलेल्या केबल रिलीझने शटर उघडे ठेवावे. फिल्म ज्या आतल्या दोन पट्ट्यांवर टेकते, त्यांवर घासलेल्या काचेचा सपाट तुकडा ठेवावा, घासलेली बाजू लेन्सकडे. जुन्या एसएलआरचा फोकसिंग स्क्रीन योग्य मापाचा मिळाला तर उत्तम. नाही तर साध्या सपाट काचेवर दुधी चिकटपट्टी ताणून लावली तरी चालते. मग लेन्स एफ/२ वर उघडून, अनंताच्या खुणेवर ठेवून, आठ-दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून दूरच्या मनोऱ्याची प्रतिमा पाहावी. तीनशे मीटरच्या पलीकडची कोणतीही वस्तू इथे चालते, कारण तेवढ्या अंतरासाठी लेन्सला अनंतापासून हलावे लागते ते फक्त ०.००८ मिमी. प्रतिमा खुणेवर रेखीव असेल तर पाया पक्का आहे. नसेल, तर थांबावे. लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर या जातीच्या कॅमेऱ्यांत २८.८ मिमी असायला हवे. त्यातला बिघाड पातळ चकत्या घालून किंवा काढून दुरुस्त होतो. तो झाकण्यासाठी अंतरमापक वाकडा करणे म्हणजे एका चुकीवर दुसरी चूक चढवणे.

लेन्स खरी ठरली की अंतरमापकाकडे वळावे. आधी डोळ्याची सोय: रिवाइंडच्या गुंडीखाली चष्म्याच्या नंबरासाठी एक छोटी दांडी आहे, ती हलवून दृश्य स्पष्ट करून घ्यावे, कारण धूसर दिसणाऱ्या दोन प्रतिमा 'जुळल्या' असे वाटणे फार सोपे असते. वरच्या कवचाच्या पुढच्या अंगाला, छोट्या गोल खिडकीजवळ एक लहानसा स्क्रू आहे. तो नुसते झाकण आहे; तो काढल्यावर आत जुळणीचा खरा स्क्रू दिसतो. कॅमेरा तिपाईवर ठेवून, लेन्स अनंतावर टेकवून, पातळ पात्याच्या स्क्रू ड्रायव्हरने तो अगदी थोडा फिरवावा आणि दुसरी प्रतिमा आडवी कोणत्या दिशेने सरकते ते पाहावे. स्क्रू घट्ट असेल तर जोर लावू नये. कारखान्यात त्यावर लाखेसारखा रंग लावलेला असू शकतो. ॲसिटोनचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब तो मऊ करतो, त्याहून जास्त घेतल्यास तो काचेपर्यंत पोहोचू शकतो. प्रतिमा जुळल्या की लेन्स जवळच्या अंतरावर नेऊन पुन्हा अनंतावर आणावी आणि पुन्हा पाहावे. जुन्या यंत्रात थोडी ढिलाई असते. जुळणी प्रत्येक वेळी एकाच जागी येते की नाही, ही खरी कसोटी आहे. येत नसेल तर दोष स्क्रूत नाही, वाळलेल्या वंगणात किंवा झिजलेल्या सांध्यात आहे.

उभ्या जुळणीबद्दल एक आक्षेप नेहमी निघतो: अंतर तर आडव्या कोनावरून ठरते, मग दुसरी प्रतिमा थोडी वर-खाली असली म्हणून काय बिघडले? खांब, दाराची चौकट अशा उभ्या रेषांवरच फोकस करायचा असता तर काहीच बिघडले नसते. पण माणसाच्या चेहऱ्यात, साडीच्या काठात, झाडाच्या फांदीत बहुतेक रेषा तिरप्या असतात. ४५ अंशांत कललेल्या रेषेची प्रतिमा तीन कला वर सरकली, तर ती तीन कला बाजूला सरकल्यासारखीच दिसते. डोळा ती लेन्स फिरवून 'जुळवतो' आणि फोकस हुकतो. म्हणून उभी जुळणीही करावी. झोर्की-४ मध्ये छोट्या गोल खिडकीभोवतीची कडी उघडली की आत किंचित पाचरीसारखी घडवलेली काच असते. ती फिरवली की प्रतिमा वर-खाली होते. पाचर फिरताना आडवी जुळणीही थोडी हलते, म्हणून दोन्ही आळीपाळीने, हळूहळू जवळ आणाव्या लागतात. इथे घाई केली तर काम दुप्पट होते.

अनंत जुळले म्हणजे काम संपले, असे मानणे ही दुसरी सर्रास होणारी चूक. तराजूचा पासंग काढला म्हणजे रिकामी पारडी समतोल झाली, एवढेच. एक किलोचे वजन खरोखर एक किलो भरते का, हे वेगळे तपासावे लागते. अंतरमापकातही शून्याची चूक आणि प्रमाणाची चूक अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली अनंतावर दिसते, दुसरी जवळच्या अंतरावर. पुष्कळ जण सोय म्हणून फक्त १ किंवा २ मीटरवर मोजपट्टी लावून जुळणी करतात. त्यात दोन्ही चुका एकमेकींत मिसळतात आणि त्या एका अंतराखेरीज सगळीकडे फोकस बिघडतो. म्हणून जुळवायचे अनंतावर, आणि जवळच्या अंतरावर फक्त तपासायचे. फिल्मच्या पातळीपासून (लेन्सच्या पुढच्या काचेपासून नाही) बरोबर १ मीटरवर छापील अक्षरांचा कागद उभा करावा, खिडकीतून प्रतिमा जुळवाव्यात आणि मग घासलेल्या काचेवर भिंगातून पाहावे. अक्षरे रेखीव असतील तर कॅमेरा खरा. नसतील तर दोष लेन्सला टेकणाऱ्या दांडीच्या टोकात आहे. लायकात तिथे गोल चाक असते, झोर्की आणि फेडमध्ये बोटासारखे घडवलेले टोक; त्याचा कोन बदलला की प्रमाण बदलते. हे टोक वाकवण्याचा मोह घरी टाळावा, कारण ते हलले की अनंताची जुळणीही जाते आणि दोन अज्ञातांचे समीकरण पुन्हा पहिल्यापासून सोडवावे लागते. सोव्हिएत लेन्स लायकावर लावणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: दोन्हींचा आटा सारखा असला तरी जोडणी ज्या नाभ्यंतराच्या हिशेबाने घडवली ते तंतोतंत एक नाही. त्यामुळे अनंतावर बिनचूक असलेली जोडी १ मीटरवर, पूर्ण उघड्या लेन्सला, चुकू शकते. जुळणी कॅमेऱ्याची एकट्याची कधीच नसते, ती कॅमेरा आणि लेन्स या जोडीची असते.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? एफ/८ ठेवावे, पट्टा चौपट रुंद होतो, चूक झाकली जाते. उन्हातल्या दृश्यांपुरते हे खरे आहे. ५० मिमी लेन्स एफ/८ वर साडेदहा मीटरवर ठेवली तर पाच-सव्वापाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे बऱ्यापैकी रेखीव येते, अंतरमापक लागतच नाही. पण तेवढेच करायचे असेल तर एफ/२ ची लेन्स आणि तिला जोडलेली ही सगळी यंत्रणा वायाच गेली म्हणायची. हे कॅमेरे कमी उजेडात, हातात धरून, माणसांच्या जवळ जाऊन वापरण्यासाठी उपयोगाचे आहेत, आणि नेमके तिथेच एफ/८ परवडत नाही. शिवाय १ मीटरवर एफ/८ चा पट्टाही पुढे-मागे नऊ सेंमीच असतो. ज्या ०.०३ मिमी धूसरपणावर हे आकडे काढले तो पोस्टकार्डाएवढ्या छापाला चालतो. निगेटिव्ह स्कॅन करून पडद्यावर मोठे करून पाहणाऱ्याला तो खपत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नाजूक यंत्र जाणकाराकडेच द्यावे. जिथे तो मिळतो आणि त्याचा मोबदला कॅमेऱ्याच्या किमतीच्या मानाने परवडतो, तिथे जरूर द्यावे. लायका एम-६ मध्ये उभ्या जुळणीचा स्क्रू पुढच्या लाल बिल्ल्यामागे असतो हे ठाऊक आहे, म्हणून तो बिल्ला उचकटावा असे कुणी सुचवणार नाही. पण जाणकाराकडे देण्याचा सल्ला 'घरी होऊ शकत नाही' या समजुतीतून येत असेल, तर तो चुकीचा आहे. शून्याची जुळणी घरी होते. घरी होत नाहीत त्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. दुसरी प्रतिमा फिकट दिसणे हा जुळणीचा दोष नाही. अर्धपारदर्शक आरशावरचा धातूचा थर विरळ झालेला असतो, आणि तो उघडा असल्याने कापसाने पुसायला गेले तर उरलासुरलाही निघतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आतल्या काचांवर बुरशी धरते, तिनेही प्रतिमा मंद होते. तिथे स्क्रू फिरवून काही साधत नाही. अशा वेळी मोठ्या खिडकीच्या मध्यभागी काळ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला तर समोरचे दृश्य तेवढ्यात झाकले जाऊन दुसरी प्रतिमा उठून दिसते. हा तात्पुरता पण निरुपद्रवी उपाय आहे. जपानी कॅमेऱ्यांचे वरचे कवच उघडायची वेळ आली, तर त्यांचे चौफुलीचे स्क्रू जपानी मानकाचे असतात. नेहमीच्या फिलिप्स पात्याने त्यांची डोकी खराब होतात, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

राहता राहिला 'एक रोल मारून बघा' हा सोपा सल्ला. रोल मारावा, पण शेवटी. फिल्मवर आलेल्या धूसरपणात लेन्सची चूक, शून्याची चूक, प्रमाणाची चूक आणि हाताचा कंप अशी सगळी कारणे एकत्र मिसळलेली असतात. त्यांतले कोणते किती, हे त्यावरून वेगळे काढता येत नाही. आधी काचेवर एकेक कारण बाजूला काढून मग रोल मारला, तर तोच रोल हिशेब तपासून देतो. सगळी जुळणी झाल्यावर जुळणीच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्यावा, झाकणाचा स्क्रू बसवावा आणि तिपाईवरून, पूर्ण उघड्या लेन्सने तीन फोटो घ्यावेत: एक क्षितिजाचा, एक ३ मीटरवरच्या उभ्या माणसाचा, आणि एक १ मीटरवर तिरप्या ठेवलेल्या मोजपट्टीचा, तिच्या मधल्या आकड्यावर फोकस करून. तिन्ही रेखीव आले तर कॅमेरा कामाला लावावा. क्षितिज चुकले तर स्क्रू पुन्हा तपासावा. क्षितिज बरोबर येऊन मोजपट्टी चुकली, तर स्क्रूला हात लावू नये, कॅमेरा त्याच लेन्ससह कारागिराकडे न्यावा आणि दोष जवळच्या अंतरावर आहे हे त्याला स्पष्ट सांगावे.